तीन टप्प्यांचे जुने मॉडेल रॉकेट पुन्हा बांधताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९६० च्या दशकातल्या एका तीन टप्प्यांच्या मॉडेल रॉकेटचे स्कॅन केलेले आराखडे आणि पंखांचे साचे हाती लागले आहेत. एका टप्प्याची रॉकेटे उडवण्याचा चांगला सराव आहे. आता हे जुने रॉकेट जसेच्या तसे बांधून उडवायचे आहे. मूळ किटशी कितपत प्रामाणिक राहावे, वरचे टप्पे पेटवायला इलेक्ट्रॉनिक्स लागते का, आणि आज मिळणाऱ्या मोटरींवर ते नीट उडेल का?

इलेक्ट्रॉनिक्स लागत नाही. आजच्या मोटरींवर ते उडते, आणि छान उडते. बाहेरून दिसणारा आकार मूळचाच ठेवा. आतले जोड, दोऱ्या आणि गोंद मात्र आज जे उत्तम मिळते ते वापरा. बांधताना एकच गोष्ट सतत डोक्यात ठेवा: हे वरून एक रॉकेट दिसत असले तरी उडताना ती तीन वेगवेगळी रॉकेटे असतात. तिन्ही जोडलेले, मग दोन जोडलेले, मग एकटे. यातले प्रत्येक स्वतंत्रपणे स्थिर उडायला हवे, आणि त्यातले पहिले, म्हणजे सगळ्यात जड आणि सगळ्यात मंद असलेले, हेच खरे अवघड आहे. लोकांना वाटते की अवघड भाग वर, दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याच्या पेटण्यात आहे. प्रत्यक्षात बहुतेक उड्डाणे बिघडतात ती रॉडवरून, म्हणजे रॉकेटला सुरुवातीला सरळ दिशा देणाऱ्या उभ्या सळीवरून, सुटतानाच्या पहिल्या सेकंदात. वर गेल्यावर फक्त त्याचा परिणाम दिसतो.

आधी पेटण्याची क्रिया समजून घेऊ, कारण जुन्या आराखड्यातल्या निम्म्या मापांचे कारण तिच्यात आहे. नेहमीच्या मोटरीत बंदुकीच्या दारूचे दाबून बसवलेले इंधन असते, त्याच्या पुढे धूर सोडत सावकाश जळणारा विलंबाचा थर, आणि त्याच्याही पुढे पॅराशूट बाहेर ढकलणारा छोटा बार. बूस्टरच्या, म्हणजे खालच्या टप्प्याच्या, मोटरीत यातले फक्त इंधन असते. म्हणून तिच्या नावाच्या शेवटी शून्य येते: बी६-०, सी६-०, डी१२-०. नावातले अक्षर मोटरीची एकूण ताकद सांगते, पहिला आकडा न्यूटनमधला सरासरी जोर आणि शेवटचा विलंबाचे सेकंद. इंधन नॉझलच्या, म्हणजे वायू बाहेर पडण्याच्या तोंडाच्या, बाजूने वर वर जळत जाते. शेवटी वरच्या टोकाला इंधनाचा पातळ पापुद्रा उरतो, आतल्या दाबाने तो फुटतो आणि तापलेला वायू व जळते कण सरळ पुढे फेकले जातात. समोर दुसऱ्या मोटरीचे नॉझल असेल तर ते कण आत शिरून तिचे इंधन पेटवतात. सगळे निमिषार्धात होते.

पण त्याच दाबाने दोन टप्पे एकमेकांपासून दूरही ढकलले जातात. वरची मोटर पेटण्याआधीच ते सुटले तर कण नॉझलपर्यंत पोचत नाहीत, आणि जिवंत मोटर असलेला वरचा टप्पा विलंबही सुरू न होता, पॅराशूटही न उघडता, नाक खाली करून जमिनीकडे येतो. यावरचा उपाय त्या काळच्या लोकांनीच शोधला आणि तो आजही तितकाच चांगला आहे. दोन मोटरी टोकाला टोक लावून सांध्यावर सेलोटेपचा एक वेढा द्यायचा. वरची मोटर जोर धरेपर्यंत टेप दोघींना एकत्र ठेवते, मग जळून तुटते. एकच वेढा, थोडासा एकमेकांवर चढलेला. जाड प्लास्टिकची पॅकिंगची टेप किंवा कापडी टेप इथे चालणार नाही, ती वेळेत तुटत नाही. आणि टेप लावण्याआधी दोन्ही तोंडे सपाट टेकली आहेत ना, मध्ये फट दिसत नाही ना, हे उजेडासमोर धरून पाहा.

तुमच्या आराखड्यात टप्प्यांच्या मध्ये मोटरीला मोटर टेकत नसून मोकळी नळी असेल, तर तिच्या वरच्या टोकाजवळ, वरच्या नॉझलच्या अगदी खाली, हवा जायला दोन भोके दाखवलेली असतील. ती बुजवू नका आणि शोभेसाठी खाली सरकवूही नका. नळीत कोंडलेली थंड हवा बाहेर पडली तरच गरम वायू नॉझलपर्यंत पोचतो. भोके बरोबर असतील तर साधारण २५ सेंटिमीटरपर्यंतचे अंतर काळ्या, म्हणजे बंदुकीच्या, दारूची आग भरवशाने ओलांडते. कंपोझिट इंधनाच्या (दारूऐवजी रबरासारख्या मिश्रणाच्या) मोटरी मात्र या पद्धतीत कुठेच बसत नाहीत. त्या अशा ठिणग्यांनी पेटत नाहीत आणि वरच्या टोकाला फुटून दुसरीला पेटवतही नाहीत. तिथे खरोखरच इलेक्ट्रॉनिक्स लागते, आणि मग ते जुने रॉकेट राहत नाही.

आता मोटरींची नावे. इथे जुन्या कागदांवर डोळे मिटून विश्वास ठेवणे धोक्याचे आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अमेरिकेतल्या किटवर मोटरीचा जोर पौंडांत लिहिलेला असे. जुन्या सूचनेत पहिल्या टप्प्यासाठी ‘बी३-०’ दिसले तर तो तीन न्यूटन जोराचा अशक्त नमुना नाही. तो तीन पौंड, म्हणजे सुमारे साडेतेरा न्यूटन सरासरी जोर देणारा होता, आणि मेट्रिक नावे आल्यावर तीच मोटर बी१४ झाली. तिच्या इंधनात मधोमध पोकळी असल्यामुळे सुरुवातीलाच जोरदार धक्का मिळे, म्हणून जड रॉकेटांच्या पायथ्याशी ती घालत. आज ती बनत नाही. म्हणजे जुन्या सूचनेत ती सांगितली असेल, तर तुमच्या रॉकेटला मूळ रचनाकाराने गृहीत धरलेला धक्का मिळणार नाही. ही उणीव कुठून तरी भरून काढावी लागते, आणि ती भरून काढण्याची एकमेव चांगली जागा म्हणजे वजन. जुन्या संग्रहातल्या दशकानुदशके पडून राहिलेल्या मोटरी मिळाल्या तरी उडवू नका. गरम-थंड होत राहिल्याने इंधनाची कांडी कवचापासून सुटते किंवा तिला भेगा जातात, आणि मग पेटताच मोटर फुटते. मोटर घरी बनवण्याचा विचारही नको. हा छंद इतकी वर्षे सुरक्षित राहिला तो कारखान्यात बनलेल्या, एकवार वापरायच्या मोटरींमुळेच. १९५० च्या दशकात कार्लाइल बंधूंनी पहिली मॉडेल रॉकेट मोटर केली, आणि १९५७ पासून जी. हॅरी स्टाइन यांनी या छंदाचा प्रसार केला, तो मुले स्वतः दारू कुटून हात गमावत होती म्हणून.

वजनाचे गणित करून पाहा. १८ मिलिमीटर व्यासाच्या तीन सी६ मोटरी (खाली दोन सी६-०, वर सी६-७) मिळून सुमारे ७० ग्रॅम होतात. नळ्या, पंख, नोज कोन, पॅराशूट आणि रंग धरून रॉकेट ४० ग्रॅमचे झाले तर सुटतानाचे वजन ११० ग्रॅम. सी६-० साठी सांगितलेली कमाल मर्यादा आहे सुमारे ११३ ग्रॅम. म्हणजे कागदावर बसते, मैदानावर जेमतेम. रॉड सोडताना वेग सेकंदाला १३ मीटरच्या आसपास असावा, त्याखाली पंखांना हवेची पकड नीट मिळत नाही. ११० ग्रॅमचे रॉकेट ९० सेंटिमीटरच्या रॉडवरून त्या वेगाच्या खालीच सुटते. रॉड १२० सेंटिमीटरचा घेतला तर तो गाठता येतो.

आता खाली बी६-०, मध्ये बी६-० आणि वर ए८-५ घालून पाहा. मोटरी ५० ग्रॅमच्या आसपास, एकूण रॉकेट ९०. बी६ आणि सी६ यांचा सुरुवातीचा जोर जवळजवळ सारखाच असतो, नॉझल आणि इंधनाची सुरुवातीची घडण तीच असल्यामुळे. दोन्ही १२ ते १४ न्यूटनपर्यंत चढतात आणि मग साडेचार न्यूटनच्या आसपास स्थिरावतात. फरक एवढाच की सी६ जवळपास १.९ सेकंद जळते आणि बी६ ०.९ सेकंदाच्या आत संपते. म्हणजे बी६ तितकाच धक्का कमी वजनात देते. शिवाय जड रॉकेट मंद गतीने रेंगाळण्याचा वेळही निम्म्यावर येतो. माझ्या मते तीन टप्प्यांच्या १८ मिलिमीटर रॉकेटाच्या तळाशी सी६-० घालण्याचा मोह टाळावा. सी घालायचीच असेल तर ती सगळ्यात वरच्या टप्प्यात घाला. तिथे वजन सर्वात कमी असते आणि तिच्या लांब जळण्याचा फायदा तिथेच होतो.

हाच प्रश्न पुढच्या पिढीतल्या रचनाकारांनी वेगळ्या रीतीने सोडवला. एस्टेस या अमेरिकी मॉडेल रॉकेट कंपनीच्या १९६० च्या दशकातल्या अॅस्ट्रॉन फारसाइडसारख्या तीन टप्प्यांच्या रॉकेटांनंतर १९८० च्या दशकात आलेल्या कोमांची-३ मध्ये तळाशी २४ मिलिमीटरची डी१२-० आणि वर दोन १८ मिलिमीटरच्या सी मोटरी होत्या. दोन हजार फुटांहून उंच जाणारे रॉकेट अशीच त्याची ख्याती होती. तुमच्या प्रतिकृतीच्या तळाच्या टप्प्यात २४ मिलिमीटरची नळी बसते का, असा विचार मनात येईलच. पण मग बाहेरचा व्यास वाढतो, पंखांची मापे बदलतात आणि ती मूळ रॉकेटाची प्रतिकृती उरत नाही. डी१२ हवी असेल तर डी१२ साठी आखलेले रॉकेट बांधणे बरे.

स्थिरतेकडे वळू. नियम तुम्हाला माहीतच आहे: गुरुत्वमध्य (रॉकेट जिथे तोलते तो बिंदू) दाबमध्याच्या (हवेचा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे, निदान एका नळीच्या व्यासाइतका. एका टप्प्याच्या रॉकेटात हे सोपे असते. तीन टप्प्यांत शेपटाकडे एकापाठोपाठ तीन मोटरींचे वजन साचते आणि गुरुत्वमध्य मागे घसरतो. म्हणून खालचे पंख मोठे. जुन्या आराखड्यांतले पंख तर आजच्या नजरेला फारच मोठे वाटतात, आणि त्यालाही कारण आहे. १९६६ मध्ये जेम्स बॅरोमन यांनी मॉडेल रॉकेटसाठी दाबमध्य काढण्याची समीकरणे मांडली. त्याआधी छंदातले लोक रॉकेटाचा बाजूचा आकार पुठ्ठ्यावर कापून तो कुठे तोलतो ते पाहत आणि त्याला दाबमध्य मानत. ही पद्धत हवा थेट बाजूने येत असल्यासारखी मोजते, त्यामुळे दाबमध्य खऱ्यापेक्षा पुढे दिसतो. मग सुरक्षित राहण्यासाठी पंख आणखी मोठे केले जात. बॅरोमन पद्धतीने मोजलेत तर तुमचे जुने रॉकेट गरजेपेक्षा जास्त स्थिर निघण्याची शक्यता बरीच आहे.

आणि जास्त स्थिर म्हणजे जास्त चांगले, असे इथे नाही. मोठ्या पंखांचे मंद रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवते. एका टप्प्याच्या रॉकेटात त्याने फार तर चालण्याचे अंतर वाढते. तीन टप्प्यांत पहिला टप्पा रॉकेटाला वीस अंश कलवतो, दुसरा त्या कलत्या दिशेने वेग देतो, गुरुत्वाकर्षण आणखी वाकवते आणि तिसरा जवळजवळ आडवा पेटतो. वरच्या बी-बी-ए जोडणीत पहिला टप्पा सुटतो तेव्हा रॉकेट जेमतेम वीसेक मीटरवर असते, आणि तिन्ही मोटरी जळून जायला साधारण अडीच सेकंदच लागतात. दिशा चुकली तर सावरायला वेळ नाही. त्यामुळे पंख लहान करा असे मी म्हणणार नाही, ती मूळ रचना आहे. वारा कमी असेल तेव्हा उडवा. सुरक्षा नियमांत ताशी ३२ किलोमीटरची मर्यादा असते. असल्या रॉकेटला ती फारच सैल आहे. ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वर वारा असेल तर ते पेटीतच ठेवा.

ओपनरॉकेटसारखी मोफत संगणक प्रणाली वापरून तिन्ही अवस्था स्वतंत्रपणे तपासा: पूर्ण रॉकेट, वरचे दोन टप्पे, एकटा वरचा. प्रत्येक वेळी न जळलेल्या मोटरींचे वजन धरा. त्यात रंगाआधीचे आणि रंगानंतरचे, तराजूवर मोजलेले खरे वजन घाला. प्रणालीने बाल्साच्या (पंखांच्या हलक्या लाकडाच्या) घनतेवरून काढलेला अंदाज आणि प्रत्यक्ष यांत हमखास फरक पडतो, आणि तो नेहमी शेपटाकडे पडतो.

बांधणीत म्हणूनच मी खालून वर जात वजनाची कंजुषी सैल करतो. सर्वात खालच्या टप्प्याला गोंदाचे जाड फिलेट, म्हणजे पंख आणि नळीच्या कोपऱ्यातले भराव, नकोत. पंख बसवताना सांध्यावर लाकडासाठीच्या पांढऱ्या गोंदाचा पातळ थर लावून सुकू द्यावा, मग दुसरा थर लावून चिकटवावे. हा दुहेरी जोड नळीच्या कागदापेक्षा मजबूत होतो, म्हणजे इपॉक्सीने मिळणाऱ्या जादा ताकदीचा तिथे उपयोगच नाही, वजन मात्र वाढते. बाल्साचे तंतू पंखाच्या पुढच्या कडेला समांतर राहतील असे साचे मांडा. जुन्या साच्यांवर बाण असतात, ते कोपऱ्यात गेले म्हणून दुर्लक्षू नका. तंतू उलटे गेलेला पंख खालच्या टप्प्यावर एकवेळ टिकेल, पण वरच्या टप्प्याचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या बराच पुढे जातो. तिथे तो थरथरून मुळापासून निघतो. वरच्या टप्प्याच्या पंखांवर दोन्ही बाजूंनी पातळ कागद चिकटवला तर ते कडक होतात आणि बाल्साच्या रेषाही झाकल्या जातात. त्या काळच्या लोकांनी सीलरचे थरांवर थर चढवून जे केले ते असे निम्म्या वेळात होते. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

टप्प्यांचा सांधा हा सगळ्यात जास्त वेळ देण्याजोगा भाग. १८ मिलिमीटरच्या नळीत मोटर थेट बसते, अशा जुन्या रचनांत वरच्या टप्प्याची मोटर नळीबाहेर साधारण १२ मिलिमीटर डोकावते आणि खालच्या टप्प्याची नळी त्या बाहेर आलेल्या भागावर चढते. म्हणजे मोटरच जोडणीचे काम करते, वेगळा जोडतुकडा नाही. सुंदर कल्पना आहे, वजन शून्य. पण त्यात मोटर किती बाहेर येते हे आतल्या थांबवणाऱ्या कड्यावर ठरते. ते कडे दोन मिलिमीटर चुकीच्या जागी चिकटले तर एकतर सांधा डळमळीत होतो किंवा मोटरी एकमेकींना टेकत नाहीत. वापरून झालेल्या मोटरीची रिकामी कवचे घ्या, त्यांना टेपने जोडून पूर्ण रॉकेट अनेकदा जोडून-सोडून पाहा, मगच कडे कायमचे चिकटवा. टप्पा योग्य बसला की रॉकेट वरून धरून हलके हलवल्यास खालचा टप्पा पडू नये, आणि बोटांनी ओढल्यास अडखळू नये. सांध्यावर रंग चढू देऊ नका. रंगाचा एक थर ही सैल जोडणी घट्ट करायला पुरेसा असतो, हे रंगकामाच्या उत्साहात विसरले जाते.

उलट मोटरी आपापल्या टप्प्यात घट्ट हव्यात. मास्किंग टेपचे वेढे देऊन, जोर लावून ढकलावी लागेल इतक्या. वरची मोटर पेटताना खालची मागे फेकली गेली तर बूस्टरची नळी मोटरीविना वरच अडकून राहू शकते. क्रम असा: आधी तिन्ही मोटरी टेपने जोडा, मग सर्वांत वरची मोटर वरच्या टप्प्यात घाला, मग मधला टप्पा खालून चढवा, शेवटी तळाचा. दर वेळी सांध्यावर नजर टाका. पेटवणारी तार फक्त सर्वात खालच्या मोटरीत.

मोटरींवरचे छापील आकडे मोठ्याने वाचून मगच जोडण्याची सवय लावा. एस्टेसच्या कवचांवर पारंपरिक रंग होते, एका टप्प्यासाठी हिरवा, वरच्या टप्प्यासाठी जांभळा, बूस्टरसाठी लाल. तरी आकडा वाचलेला बरा. शून्याची मोटर वर गेली तर पॅराशूट नीट आणि वेळेवर उघडणार नाही. विलंबाची मोटर खाली गेली तर आणखी वाईट: रॉकेट वेग गमावून खाली वळेपर्यंत विलंब जळत राहतो, आणि मग बार वरच्या मोटरीला पेटवून देऊ शकतो.

खालचे टप्पे पॅराशूटशिवाय परततात, गटांगळ्या खात. हे आपोआप होत नाही, त्यासाठी रचना केलेली असते. एकटा सुटलेला बूस्टर अस्थिर असायला हवा, म्हणून तो आखूड असतो आणि त्याचा तोल, आत रिकामी मोटर धरून, पंखांच्या क्षेत्रफळाच्या मध्याजवळ येतो. तुम्ही मजबुतीसाठी बूस्टरची नळी लांबवली किंवा वरच्या टोकाला जड कडे घातले तर तो बाणासारखा सरळ खाली येईल. तयार बूस्टर रिकामे कवच घालून हातातून मऊ जागेवर टाकून पाहा, उलटसुलट होत पडला पाहिजे. त्याच्या वरच्या टोकाला आतून ज्वाळा लागते, म्हणून तिथे आत पांढऱ्या गोंदाचा एक पातळ थर किंवा अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची पट्टी द्या. एवढा जादा भार मात्र मी आनंदाने स्वीकारतो, कारण त्याशिवाय नळीचे टोक काही उड्डाणांतच जळून मऊ होते आणि सांधा सैलावतो.

वरच्या टप्प्यातली जुनी रबरी दोरी आणि कागदी पट्टीचा जोड बदलाच. केव्हलारच्या (उष्णतेला टिकणाऱ्या मजबूत धाग्याच्या) दोऱ्याला इलॅस्टिक जोडून तो मोटरीच्या कड्याशी बांधा. हे आत असते, दिसत नाही, आणि जुने रबर सुकून तुटले म्हणून देखणे नोज कोन हरवणे फार वाईट वाटते. पॅराशूटऐवजी फीत लावण्याचा विचार करा. वरचा टप्पा ४०० मीटरवरून सेकंदाला पाच मीटरने उतरला तर ८० सेकंद हवेत राहील, आणि सेकंदाला चार मीटरच्या मंद वाऱ्यातही ३२० मीटर वाहून जाईल. इतका हलका टप्पा फितीवर दुप्पट वेगाने उतरला तरी गवतावर सहज वाचतो.

मूळ चित्रे आणि रंग यांबाबत माझे मत ठाम आहे. वरचा टप्पा आणि मुखपृष्ठावर दिसणारा सगळा देखावा हुबेहूब करा, स्कॅन केलेली चित्रे पाण्याने चिकटणाऱ्या कागदावर छापून घ्या. पण बूस्टर मूळ रंगसंगतीत गडद हिरवे किंवा काळे असतील, तर त्यांच्या पंखांच्या मागच्या कडांना आणि नळीच्या आत भडक नारिंगी लावा. उभ्या रॉकेटात ते दिसत नाही, गवतात पडल्यावर दिसते.

उडवण्याचा क्रम वरून खाली. आधी वरचा टप्पा एकटा, ए८-३ वर. तो सरळ गेला, फीत व्यवस्थित उघडली, पंख जागेवर राहिले, तर मधला जोडून बी६-० आणि ए८-५. दोन टप्प्यांचे वेगळे होणे स्वच्छ झाले की मगच तिसरा. हा क्रम वेळखाऊ वाटतो, पण काही बिघडले तर दोष नेमका कोणत्या सांध्यात आहे हे याच क्रमात कळते. तिन्ही एकदम उडवून रॉकेट कोसळले तर अवशेषांतून फारसे काही समजत नाही.

मैदानावर रॉड उभा ठेवा, वाऱ्याकडे कलवू नका. कल रॉकेट स्वतःच निर्माण करते. जड जोडणीसाठी ३ मिलिमीटरचा रॉड लवतो आणि सुटताना चाबकासारखा हलतो, ५ मिलिमीटर जाडीचा आणि १२० सेंटिमीटर लांबीचा घ्या. रॉकेटला रॉडवर सरकवणाऱ्या कड्या दोन ठिकाणी असल्या तर त्या एका रेषेत आहेत का, हे रॉड घालून फिरवून पाहा. दोन वेगवेगळ्या टप्प्यांवर कड्या असतील तर हे विशेष महत्त्वाचे. बटण दाबूनही पेटले नाही तर एक मिनिट थांबून मगच जवळ जा. आणि तीन माणसे नेमा, प्रत्येकाने एकच टप्पा पाहायचा. सगळ्यांची नजर स्वाभाविकपणे वर जाणाऱ्या धुराकडे जाते. मधला टप्पा, जो सर्वात लांब पडतो आणि सर्वात जास्त हरवतो, तो कोणीच पाहत नाही. त्याच्यावर सर्वात तीक्ष्ण नजरेचा माणूस ठेवा, आणि तो टप्पा जमिनीला लागेपर्यंत त्याने मान वळवू नये.

वरचा टप्पा न पेटताच खाली आला तर धावत जाऊ नका. आत जिवंत मोटर आहे, आणि तिच्यात ठिणगी उशिरापर्यंत राहिलेली असू शकते. काही मिनिटे थांबा, मोटर पाण्यात बुडवून निकामी करा, मग सांधा तपासा. नॉझलच्या तोंडावर काजळी असेल तर आग तिथपर्यंत पोचली होती आणि टप्पे लवकर सुटले, म्हणजे टेप कमजोर पडली किंवा खालची मोटर सैल होती. नॉझल स्वच्छ असेल तर आग पोचलीच नाही, म्हणजे दोन मोटरींमध्ये फट होती. दोन्ही प्रसंगी दुरुस्ती वेगळी आहे, म्हणून मोटर बुडवण्याआधी ते तोंड नीट पाहून ठेवा, पण लांबून आणि समोर न उभे राहता.